आठवी पाकळी

— नाही हो अक्का, तुम्ही उठू नका, तुमचं काम चालू दे की. मी बसते. इथं उंबऱ्यापाशीच — नाही, आत येते, उंबऱ्यात बसून कसं बोलायचं. ही शाल आधी तुमच्या हातात देते. तक्रार नाही बरं का, तक्रार अजिबात नाही, शाल एकदम फर्स्टक्लास झालीय. आमच्या सरांना पुढची बाजू कुठली, मागची कुठली तेच कळेना, दोनदा उलटी करून बघितली. गाठ कुठं मारलीय म्हणाले. मी म्हटलं, कसूतीच्या भरतकामात गाठ नसतेच सर. फक्त काय झालंय — एक टाका. एकच. ही बघा, ही आठवी पाकळी. सात पाकळ्या कशा बंद झाल्यात, आणि हिची शेवटची रेघ तेवढी राहिलीय. राहिली असेल, होतं की, एवढं बारीक काम, धागे मोजून मोजून डोळे दुखत असणार. पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही टाका घाला, मी शाल घेऊन पळते. चार वाजता उद्घाटन आहे, पाहुण्यांच्या खांद्यावर हीच शाल पडायची आहे. आत्ता किती झाले — साडेबारा. उणकलहून नवनगर बसनं दहा मिनिटं. वेळ आहे, भरपूर वेळ आहे. तुमच्या त्या दोऱ्याच्या डब्याचं झाकण उघडंच आहे, लावू का?

ओळखलंत ना मला? भार्गवी. धारवाडची, माळमड्डीची. श्रावणात आईची काळी साडी न्यायला आलते. हां, तीच. तेव्हा घाईत होते, तुमच्याशी नीट बोलणंच झालं नाही. तुम्ही चहा ठेवलात, आणि मी… बस चुकेल म्हणून गेले तशीच. आज मात्र पाणी द्या अक्का, ऊन केवढं आहे, डिसेंबर म्हणायचा का हा. — हं, बास. गार आहे. माठातलं? मायानं भरलेलं? माया म्हणजे मुलगी ना, त्या दिवशी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलेली. शाळेत गेलीय? रविवारी? — हां, परीक्षेचा क्लास. बरोबर. मास्तरीण होणार म्हणजे. छान आहे की.

तर तुम्हाला सांगायचं म्हणजे — तुम्ही टाका घालत घालत ऐका, हात थांबवू नका — हे जे अंगळ कला केंद्र नवनगरात आज सुरू व्हायलंय ना, त्याचं सगळं रूप आमच्या ऑफिसनं केलंय. बोर्ड, लेटरहेड, पावतीपुस्तक, निमंत्रणपत्रिका, गेटावरची कमान, सगळ्यावर एकच चिन्ह. आमचे गुरुराज सर म्हणतात, लोगो म्हणायचं नाही, आयडेंटिटी म्हणायचं. माणूस लांबून येताना चालीवरून कसा ओळखू येतो, तसं संस्थेचं झालं पाहिजे. ऑफिस कोप्पीकर रोडवर, घड्याळाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. मी तिथं इंटर्न. म्हणजे शिकाऊ हो. कमर्शियल आर्टचं शेवटचं वर्ष, त्यात सहा महिने कुठंतरी काम करायचं असतं. पहिला महिनाभर मी नुसती दुसऱ्यांची अक्षरं सरळ करत बसले. कुणाच्या साबणाची जाहिरात, कुणाच्या लग्नाची पत्रिका. आणि मग एक दिवस सर म्हणाले, भार्गवी, हे कला केंद्राचं तू बघ. जमलं तर तुला ठेवून घेऊ. ठेवून घेऊ म्हणाले, अक्का! माझ्या वर्गातल्या एकीला असं कुणी म्हटलेलं नाही. बाबा आधीच म्हणतात, चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय, बी.एड. कर. तुमच्या मायासारखं. त्यांना दाखवायचंच होतं मला.

पण ती कमिटी! सात माणसं, सात तोंडं. शेषगिरी वकील अध्यक्ष, ते म्हणाले साधं हवं पण भारदस्त हवं. अनसूयाबाई गाण्याच्या क्लासवाल्या, त्या म्हणाल्या तंबोरा पाहिजेच. तंबोरा काढला तर नाटकवाले रुसले, मुखवटा कुठाय म्हणाले. मुखवटा घातला तर चित्रकलेचे सर म्हणाले, आम्ही काय झाडू मारायला आहोत का, ब्रश कुठाय. तंबोरा, मुखवटा, ब्रश, घुंगरू — सगळं एकत्र काढून नेलं तर वकील म्हणाले, हे भांड्यांच्या दुकानासारखं दिसतंय. हसू नका हो. — हसला नाहीत होय. मला वाटलं हसलात. तेवीस चित्रं केली मी, अक्का. तेवीस. वर्तमानपत्राच्या कडेला, बसच्या तिकिटावर, जेवताना आमटीत बोट बुडवून ताटात. आई म्हणायची, अगं जेव की आधी. मला चैनच पडत नव्हतं. माझं हे असंच आहे, काही उघडं राहिलं, अर्धं राहिलं की बघवत नाही. कपाटाचं दार, पेनाचं टोपण, कुणाची बॅग. परक्या माणसाच्या बॅगेची चेन लावलीय मी बसमध्ये, त्याला वाटलं चोरायलीय. आणि एक दिवस मग सुचलं हे. आठ पाकळ्यांचं. सुचलं म्हणजे — असंच. डोळ्यासमोर आलं.

असं बघू नका ना.

बरं. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला तर कळलंच असणार. दुकानातल्या पार्वतीबाईंनी तो छापील कागद तुमच्या हातात ठेवला तेव्हाच कळलं असणार. मला खरंच माहीत नव्हतं हो, शपथ. मी दुकानात पार्वतीबाईंना कागद दिला आणि म्हटलं, हे चिन्ह शालीवर कसूतीत करून पाहिजे, चांगल्या हाताला द्या. त्या कुणाकुणाला काम वाटतात मला काय माहीत. आणि चांगला हात म्हणून त्यांनी तुम्हालाच दिलं. काल शाल आली, सरांच्या टेबलावर उलगडली, आणि आठवी पाकळी उघडी. मला वाटलं — आता हसाल तुम्ही — मला वाटलं तुम्ही मुद्दाम ठेवलीय. मला कळवायला. की बाई गं, ओळखलंय मी तुला, हे कुठून उचललंयस ते. सर म्हणाले, बाईनं एक टाका विसरलाय, पाठवून दे परत. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, नाही सर, मूळचंच तसं आहे. झालं. कुठलं मूळचं, म्हणाले.

हो. तुमचा नमुना. तो मांजरपाटाचा तुकडा, लाल दोऱ्याचा, तुमच्या त्या पेटीत सगळ्यात वर घडी घालून ठेवलेला. मी कॉलेजच्या कामाला म्हणून मागून नेला. दोन दिवसांत आणते म्हटलं होतं. चार महिने झाले. कॉलेजचं काहीही काम नव्हतं, अक्का. ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. तेवीस चित्रं नाकारली गेल्यावर मी आईच्या साडीसाठी इथं आले आणि तो तुकडा बघितला आणि मला कळलं, हेच. बघताक्षणी कळलं. एवढंसं चित्र आणि त्यात गाणं आहे, नाच आहे, अंगण आहे, सगळं आहे, आणि कुणाचं तरी एकट्याचं असं काही नाही. मी तेव्हाच तुम्हाला विचारलं असतं तर? विचारावंसं वाटलं नाही असं नाही. पण विचारलं की ते तुमचं होणार होतं. न विचारता ते नुसतं जुनं होतं — आणि जुनं काय, कुणाचंही असतं.

सांगितलं की कमिटीत. उभी राहून सांगितलं. वकिलांनी विचारलं, हे तुझं स्वतःचं? मी म्हटलं, हो, आपल्याकडच्या कसूतीवरून प्रेरणा घेऊन मी तयार केलं. प्रेरणा! अनसूयाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, बाळ, किती आपलं वाटतंय हे. सातही माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी — मला आवडलं हो. खोटं कशाला बोलू, फार आवडलं. घरी जाताना बसमध्ये उभीच राहिले, जागा असून. बसवेनाच. बाबांना सांगितलं, तर ते पेपर खाली ठेवून म्हणाले, बघू. पहिल्यांदा म्हणाले बघू. त्यांना माझं काही बघायचं आहे असं आजवर कधी झालेलं नव्हतं.

पण तुम्ही सुई घेतलीच नाहीत अजून. एक वाजत आला. घाला ना टाका. — काय? नाही घालत? म्हणजे, दुखतंय का बोट? मग? — तुम्ही कधीच घालत नाही?

थांबा, मला नीट सांगा. म्हणजे दर वेळी? प्रत्येक साडीवर, प्रत्येक खणावर, शेवटचा टाका तुम्ही उघडाच ठेवता? आणि जी नेसणार ती घालते. ती स्वतः. करणारीनं सगळं करायचं आणि शेवटचा टाका जिचं आहे तिच्यासाठी सोडायचा. असं होय. तुमच्या आईनं शिकवलं. आणि माझ्या आईच्या साडीवर — तिथंही होता? आईनं घातला? तुम्ही तिला सांगितलं होतं, पदराच्या कोपऱ्यात, मोरापाशी? मला कसं दिसलं नाही. आई काही बोलली नाही मला. संक्रांतीला नेसणार आहे, तेव्हा घालेल. की घातलाही असेल, गुपचूप, दुपारी. माझी आई, जिला साधं बटण लावता येत नाही, तिनं — बघा, आणि मी तिच्या शेजारी बसून या केंद्राची चित्रं काढत होते.

अक्का, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय सांगितलंत? त्या केंद्राचं नाव अंगळ आहे. अंगण. कुणीही या, गा, नाचा, रंगवा, असं वकील प्रत्येक भाषणात म्हणतात. आणि मी त्यांना काय दिलं, तर आठही पाकळ्या घट्ट बंद. दार लावून कुलूप घातल्यासारखं. उघडी पाकळीच खरी होती! तेवढीच एक गोष्ट त्या चित्रात त्यांच्या कामाची होती, तीच मी चूक म्हणून दुरुस्त केली. अर्धं चित्र काढलं, कॉम्प्युटरवर आरशासारखं उलटं करून जोडलं, सगळं कसं मापात. सर म्हणाले, क्लीन झालंय. बोर्ड लागलाय, अक्का. सहा फुटांचा. पत्रिका वाटून झाल्या.

मग तो नमुना — तो कुणासाठी होता? तुमच्या आईनं केलेला? मला वाटलं तुम्हीच केलाय. — तुमच्यासाठी. तुम्ही पहिल्यांदा स्वतःच्या हातानं काम मिळवलंत तेव्हा. आणि तुम्ही टाका घातलाच नाही? इतकी वर्षं? — आई गेली त्याच आठवड्यात. हं. — हं. — म्हणून ठेवला. उघडाच. आणि आता मायाला नोकरी लागली की तिनं घालायचा. असं ठरलंय तुमचं. तिला माहीत आहे? हो, कसं माहीत नसेल.

पंखा नाही का हो इथं. नाही, राहू दे, राहू दे. मी जरा उभी राहते. पाय अवघडलेत.

नमुना देते हो. देते. आहे माझ्याकडे, हरवला बिरवला नाही, आत्ता सांगते त्याचं. त्याआधी एक दुसरं काम आहे. सरांचं. म्हणजे माझंच, पण सरांनी दिलंय. सर रागावले नाहीत काल, तेच तर वाईट झालं. मी सगळं सांगितलं, रडले, तर ते ऐकून घेऊन कॉम्प्युटरपाशी बसले आणि एक कागद टाइप केला. म्हणाले, पुढं वकिलांनी चिन्हाच्या नोंदणीचं काढलं की भानगड नको. हा घे, बाईंच्या पुढ्यात ठेव, विषय संपला. हा बघा. कन्नडमध्येच आहे. यात काही नाही, म्हणजे — या चित्रावर माझा, म्हणजे तुमचा, काही हक्क नाही, आणि ते ऑफिसनं वापरायला माझी, म्हणजे तुमची, हरकत नाही. एवढंच. हा कागद आज आला तर सोमवारी माझं पत्र. नोकरीचं. तयार आहे ते, सरांच्या ड्रॉवरमध्ये, मी बघितलंय, माझ्या नावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर आहे. आणि हे इथं खाली…

चष्मा कशाला लावलात? तुम्ही — वाचताय?

वाचा, वाचा. सावकाश वाचा. घाई नाही.

मला काय वाटलं… काही नाही. काही नाही वाटलं. बॅगेत काय? काही नाही हो. — इंकपॅड आहे. शाईचा. अंगठ्यासाठी. दिसला ना तुम्हाला, मघाशीच दिसला असणार, शाल काढताना. सरांनी नाही दिला. ते नुसतं म्हणाले, सही घेऊन ये. इंकपॅड मी घेतला, कोप्पीकर रोडवरून, येताना, माझा मी. कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही इथं भिंतीवर बाबासाहेबांचा एवढा मोठा फोटो लावलाय, खाली मुलीच्या पुस्तकांची रांग आहे, हे मी श्रावणात बघितलं होतं. बघितलं आणि तरी इंकपॅड घेतला. आणि तो चहा — बस चुकणार नव्हती, अक्का. बस अर्ध्या तासानं होती. मी स्टॉपवर उभी होते उन्हात. आई निघताना म्हणाली होती, तिथं काही घेऊ नकोस. मी चिडायला पाहिजे होतं तिच्यावर. कॉलेजात आम्ही या गोष्टींवर केवढं बोलतो, पोस्टर केलंय मी त्यावर, बक्षीस मिळालंय. आणि तुम्ही कप पुढं केलात तर मी घड्याळ बघितलं. लाज वाटते मला. आत्ता पाणी प्यायले ना मघाशी, तेसुद्धा बघा की मी पाणी प्यायले, असं तुम्हाला दाखवायलाच प्यायले. तहान नव्हतीच.

सही करताय? थांबा — पूर्ण वाचलंत का? सगळं? अक्का, तुम्ही भांडा की माझ्याशी. नाही म्हणा. मायाला विचारा, तिला येऊ दे. पार्वतीबाईंना विचारा. असं कसं लगेच… किती सुंदर अक्षर आहे तुमचं. नाईट स्कूल? सातवी? माझं असं नाही. — काय म्हणालात? चित्र कुणाचं असतंय का. आईनं तिच्या आईचं बघून केलं, तुम्ही आईचं बघून, मी तुमचं बघून. हवं त्यानं घ्यावं. असं म्हणता तुम्ही. एवढं सोपं? मी चार महिने जीव मुठीत धरून हिंडायलीय, बसमध्ये कसूतीची साडी दिसली की मान फिरवते, आणि तुम्ही म्हणता घ्या. विचारलं असतं तर तेव्हाही घ्याच म्हणाला असता, होय ना? — होय. मग मी चोरलं तरी कशाला.

झालं मग. कागद झाला. शालीचा टाका पाहुणे घालतील, मी सांगते त्यांना, माईकवर सांगते, सुईच नेते बरोबर. वकील माझं नाव घेणार आहेत चार वाजता, तेव्हा मी तुमचं — नको? नाव नको? बरं. नाही घेत. तुम्ही म्हणाल तसं. पाऊण तासात पोचायला हवं म्हणजे कमानीकडं बघता येईल…

हो. नमुना.

तेवढाच पाहिजे तुम्हाला. कळलं. चित्र घेऊन जा म्हणता, कापड ठेवून जा म्हणता. बरोबर आहे. कापड आईचं आहे.

आहे हो. बॅगेतच आहे. आल्यापासून बॅगेत आहे, ही बघा, या वहीत घालून आणलाय, सुरकुती पडू नये म्हणून. इस्त्री केलीय हलक्या हातानं. देते. अक्का, देण्याआधी ऐका. त्या दिवशी ऑफिसात लाईट गेली होती. दुसऱ्या दिवशी कमिटी होती. मी खिडकीपाशी बसून ते बघत होते, बघत होते, आणि ती एक रेघ नाही. सात पाकळ्या बंद आणि ही एक उघडी. तुम्हाला सांगितलं ना, मला बघवत नाही. कॉम्प्युटर चालू असता तर तिथंच केलं असतं, कापडाला हातही लावला नसता. लाईट नव्हती. समोर लाल पेन होतं, बारीक टोकाचं, दोऱ्याच्या रंगाचंच. मला वाटलं, राहिलेला टाका आहे. विसरलेला. एवढीशी रेघ. एक सेकंद लागला असेल. ओढून झाल्यावर मला किती बरं वाटलं होतं सांगू, मी पाण्याचा ग्लास भरून प्यायले.

ही घ्या.

नाही, ते जात नाही. मी सगळं केलं. काल रात्री नाही, त्याच आठवड्यात केलं, साबण लावला, लिंबू लावलं, स्पिरिट लावलं कापसानं. उलट थोडं पसरलं. ते जात नाही, अक्का. नखानं नका खरवडू, धागा निघेल. मला तेव्हा माहीत नव्हतं कुणासाठी आहे ते. माहीत असतं तर — माहीत नव्हतं म्हणून काय झालं, कापड माझं नव्हतं एवढं तर माहीत होतं. वरून दोरा घातला तर झाकेल का? मायानं तिचा टाका त्याच्यावरनं घातला तर दिसणार नाही, खरंच दिसणार नाही, लालच आहे… मागच्या बाजूनं दिसेल. हो. तुमच्या कामाला मागची बाजू नसते.

शिव्या द्या मला. कागद फाडा, फाडा तो, मी सांगते सरांना बाईंनी फाडला, नोकरी नको मला, मी — नको? घेऊन जाऊ? कागद घेऊन जाऊ म्हणता? अक्का, असं नका करू. हातात नका देऊ माझ्या.

अंगठा का ठेवलात त्याच्यावर? — हां. असा ठेवला की दिसत नाही. आता उघडीच दिसते. पहिल्यासारखी. तुमच्या आईनं ठेवलेली.

नका उचलू. मी जाईपर्यंत तरी नका उचलू अंगठा.

दाराशी कोण — माया? क्लास सुटला वाटतं. ती आत येते आहे, अक्का, ती विचारेल हातात काय आहे, मी सांगू का तिला? मीच सांगते, तुम्ही कशाला — बरं. नाही सांगत. तुम्ही सांगाल.

शाल घेतली. कागद घेतला. इंकपॅड घेतला. हो. जाते. दार ओढून घेऊ का जाताना?

बरं. राहू दे उघडंच.